दरमहा काका

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घरी सत्यनारायण असो, डोहाळजेवण असो की नुसतंच रविवारचं पॉटलक, दुसऱ्या वाढणीच्या सुमारास एक आवाज हमखास कानावर येतो, "ते सगळं ठीक आहे हो, पण यील्ड काय?" हा प्रश्न आला की समजावं, दरमहा काका पानावर बसले आहेत.

ही जात काही नवी नाही. पुण्यात हा माणूस पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेच्या खिडकीशी पासबुक घेऊन उभा असतो. डोंबिवलीत त्याने दुसरा वन रूम किचन घेऊन भाड्याने दिलेला असतो आणि महिन्याच्या दोन तारखेला भाडेकरूला तो जिन्यात अगदी सहज भेटतो. एडिसनमध्ये ना ती खिडकी, ना तो जिना. म्हणून इथल्या काकांनी कव्हर्ड कॉलवाले इन्कम फंड शोधून काढले. शेअर बाजारात पैसे घालायचे आणि बाजाराने आपल्याला दर महिन्याला पगार द्यायचा. इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे दरमहा काका म्हणतात. त्यांना हे माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

यील्ड, म्हणजे गुंतवलेल्या शंभरामागे वर्षाला हातात येणारे पैसे, ते कशाचंही काढतात. कुणी घर घेतलं की, "छान आहे, पण भाड्याने दिलंत तर काय सुटेल?" मंडळातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा स्टार्टअपमध्ये, पगार बेताचा, बाकी सगळं कंपनीच्या शेअरमध्ये. मुलीच्या वडिलांनी काकांचं मत विचारलं, ही त्यांची चूक. काका म्हणाले, "मुलगा गुणी आहे. पण सगळी भांडवलवृद्धी दिसते, नियमित उत्पन्न काही दिसत नाही." काकूंनी लगेच त्यांच्या पानात तिसरी पुरी टाकली. बोलणं थांबवायचा हा त्यांचा खात्रीचा उपाय आहे.

फंडांशी काकांचे संबंध घरगुती आहेत. जेपी मॉर्गनचा 'जेईपीआय' हा त्यांचा 'जेपी'. ग्लोबल एक्सचा 'क्यूवायएलडी' हा 'क्यू'. "जेपीचा आला," "क्यू या खेपेला जरा हात आखडून आहे," अशी भाषा. माझ्या सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या, तेव्हा त्यांना बरेच दिवस जेपी हा काकांचा थोरला मुलगा वाटत होता. "परमुलखात राहून दर महिन्याला न चुकता बापाला पैसे पाठवतो, आजकाल कोण करतं?" असं त्या कौतुकाने म्हणायच्या. काकांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खरा मुलगा समोर बसला होता, तो हसला, एवढंच.

काकांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. त्यात संकष्टीच्या, एकादशीच्या शेजारी लाल पेन्सिलीने बारीक खुणा असतात. त्या एक्स डेटच्या. म्हणजे त्या दिवसाच्या आधी फंड तुमच्या नावावर असेल तर त्या महिन्याचा हप्ता तुमचा. जेपीची एक्स डेट साधारण महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, पैसे पुढच्या तीनचार दिवसांत. पैसे यायच्या सकाळी काका चहा घेऊन संगणकापुढे बसतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि खात्यात रक्कम दिसली की एकच शब्द उच्चारतात, "आला!" हा शब्द माडीवरून खालपर्यंत ऐकू जातो. काकू खालून विचारतात, "किती?" काका सेंटसकट सांगतात. काकू "बरं" म्हणतात आणि गॅसवरचं दूध बघतात. असा तो सोहळा.

आता एक्स डेटच्या दिवशी फंडाचा भाव बहुधा हप्त्याएवढाच खाली उघडतो. खात्यातले पैसे आले कुठून, तर फंडातूनच. हे काकांना पूर्ण ठाऊक आहे. चाळीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस, त्याला वजाबाकी येत नाही असं थोडंच आहे? पण पैसे येतात त्या दिवशी ते भाव बघत नाहीत. कुणी बोलून दाखवला तर म्हणतात, "भाव बघायचा असतो, पैसा मोजायचा असतो. आज मोजायचा दिवस आहे."

कव्हर्ड कॉल म्हणजे काय, हे मात्र काकांना विचारू नये. विचारलंत तर जेवायला थांबावं लागतं. सुरुवात १९७३ पासून होते. त्या वर्षी २६ एप्रिलला शिकागोत ऑप्शनचा बाजार उघडला, पहिल्या दिवशी फक्त १६ शेअर, आणि तेही फक्त कॉल, म्हणजे ठरल्या भावाने घ्यायचा हक्क. पुट, म्हणजे विकायचा हक्क, यायला १९७७ साल लागलं. हे काका अशा थाटात सांगतात की तिथे फीत त्यांनीच कापली असावी. मग ते येतात पावसला. रत्नागिरीजवळच्या पावसला त्यांच्या वडिलांची हापूसची कलमं होती.

"हे बघ, मोहोर धरला की आमचे वडील बाग व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. रोख पैसे आज हातात. पुढे मुंबईला पेटीला काय भाव फुटला, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. कॉल विकणं म्हणजे हेच. समज, शंभर डॉलरचा शेअर आहे. तो महिन्याभरात एकशे पाचला घ्यायचा हक्क मी तुला विकला. तू मला दोन डॉलर दिलेस. शेअर जागच्या जागी राहिला, दोन डॉलर माझे. एकशे वीसला गेला, तर मी एकशे पाचला दिला, वरचे दोन डॉलर माझे. नव्वदला आला, तरी दोन डॉलर माझेच!"

हे मी बऱ्याच वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी ते 'माझेच' म्हणताना पहिल्याइतकेच खूश होतात. एकदा काकू आमटी वाढता वाढता थबकल्या. म्हणाल्या, "अहो, पण मोहोरावर तुडतुडा पडला की डोक्याला हात लावून व्यापारी बसायचा, मामंजी नव्हे. इथे शेअर नव्वदला आला की कोण बसतं?"

काका जरा वेळ आमटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भात वाढ."

शिकागोचा बाजार उघडल्यापासून या विषयावर जे काही लिहिलं गेलं, त्याचं सार काकूंनी डाव हातात धरून सांगितलं होतं. चढ आला तर तो ठराविक उंचीनंतर दुसऱ्याचा, उतार मात्र सगळा आपला. हातात दोन डॉलरची उशी. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार महिन्याभरात ३४ टक्के कोसळला, तेव्हा असे फंड पडताना जवळजवळ बाजाराच्या बरोबरीने पडले आणि बाजार उसळून वर आला तेव्हा मागे रेंगाळले. कारण वर जायची वाट त्यांनी महिन्याच्या बोलीने विकून टाकलेली होती.

काकांचं खरं नाट्य सुरू होतं ते साडू आले की. साडू रेडमंडचे. मायक्रोसॉफ्टमध्ये आयुष्य काढलं, तिथेच निवृत्त झाले आणि आयुष्यात एकच शेअर घेतला, किंबहुना मिळाला आणि विकला नाही. दोन बहिणी आतल्या खोलीत साड्या बघत असतात आणि बाहेर दोन साडू डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून हिशेब मांडत असतात. काकांकडे एक प्लॅस्टिकचं फोल्डर आहे. त्यात एक्सेलचा तक्ता, पाठपोट छापलेला. त्यात दोन रकाने: 'आपले' आणि 'त्यांचे'. 'आपले' खाली दर महिन्याचा हप्ता. 'त्यांचे' खाली मायक्रोसॉफ्टचा लाभांश, तोही तीन महिन्यांतून एकदा, वर्षाकाठी शंभराला एक डॉलरसुद्धा नाही. काकांच्या तक्त्यात काका कायम पुढे असतात.

साडू तक्ता बघत नाहीत. ते फक्त डिसेंबर २०१३ म्हणतात. ही तारीख त्यांनी मुद्दाम धरून ठेवली आहे, कारण काकांचा क्यू जन्मला तोच महिना. तेव्हा क्यूचा भाव होता पंचवीस डॉलरच्या आसपास आणि मायक्रोसॉफ्टचा सदतीसच्या आसपास. दहा वर्षांनी, २०२३ संपताना, क्यू सतराच्या घरात आणि मायक्रोसॉफ्ट ३७६ वर. एवढं बोलून साडू शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकतात आणि गप्प बसतात. त्यांचं गप्प बसणं काकांना फार लागतं.

"हप्ते धरले नाहीत तुम्ही!" काका म्हणतात.

"धरा की."

काका धरतात. हप्ते धरले की क्यूचा तोटा भरून निघतो, वर बराच नफाही दिसतो. पण दसपट काही होत नाही. मग काका फोल्डर मिटतात आणि ठेवणीतलं अस्त्र काढतात, "साडूबुवा, १९९९ च्या डिसेंबरात तुमच्या शेअरचा जो भाव होता, तो परत दिसायला ऑक्टोबर २०१६ उजाडावं लागलं. सोळा वर्षं! त्या सोळा वर्षांत झोप लागायची का?"

आता साडूंनी लाडू खाली ठेवलेला असतो. कारण ती सोळा वर्षं खरी आहेत. २००३ पर्यंत तर त्या शेअरवर लाभांश नावाची गोष्टच नव्हती. "लागायची," ते म्हणतात, "मी भाव बघत नसे."

"बघा! म्हणजे तुम्हीही बघत नव्हता!" काका विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतात. काय जिंकलं ते मला कधी कळलेलं नाही, पण मी मान हलवतो.

२०२२ हे काकांचं सुवर्णवर्ष. त्या साली अमेरिकेचा बाजार लाभांश धरूनही अठरा टक्के पडला, मायक्रोसॉफ्ट अठ्ठावीसच्या आसपास. आणि जेपी, हप्ते धरून, फक्त साडेतीनच्या आसपास. काका दर रविवारी रेडमंडला फोन करायचे. निमित्त प्रकृतीची चौकशी. "बाकी तब्येत कशी? औषधं घेताय ना? बाजाराकडे बघू नका हं फार." काकूंनी सांगितलं की त्या वर्षी दोघा साडूंचं फोनवरचं बोलणं आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त झालं असेल. पुढचं वर्ष आलं. २०२३ मध्ये बाजार सव्वीस टक्के चढला, जेपी दहाच्या आतबाहेर, मायक्रोसॉफ्ट छप्पन्नच्या वर. रविवारचे फोन आपोआप बंद झाले. साडूंनीही केला नाही. त्यांनी वर्षअखेरीला फक्त एक फोटो पाठवला: बर्फातून निघालेलं ट्यूलिपचं पातं. काकांनी तो बराच वेळ मोठा करून बघितला आणि म्हणाले, "डिसेंबरात ट्यूलिप? हा टोमणा आहे."

एकच शेअर म्हटलं की काका चिडतात, त्याला कारण आहे. ते काका स्वतः सांगत नाहीत. काकूंनी एकदा भाजी निवडताना सांगितलं. नव्वदच्या दशकात काका इथल्या एका मोठ्या टेलिफोन कंपनीत होते. सगळे सहकारी निवृत्तीच्या खात्यात कंपनीचाच शेअर घेत, काकांनीही घेतला. जेवणाच्या सुट्टीत भाव बघायची टूम होती. २००१ मध्ये मंदी आली. ज्या कंपनीने पगार दिला आणि शेअर दिला, तिथूनच पगारही गेला आणि शेअरही गेला. त्या वर्षी काकूंनी डे केअरमध्ये काम धरलं. मुलाचं विमानांच्या शिबिराला जायचं रद्द झालं. काका सात महिने घरी होते आणि रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली तळघरात जाऊन बसायचे.

तेव्हापासून कुणी "एकच शेअर, पण सोन्यासारखा" म्हटलं की काका उदाहरणांची फैर झाडतात. जनरल इलेक्ट्रिक हे त्यांचं आवडतं. "ज्या कंपनीचा दिवा प्रत्येक घरात, ज्या लाभांशावर म्हातारी माणसं भाड्याचे चेक फाडायची! २०१७ मध्ये तिमाहीला चोवीस सेंटचे बारा केले. वर्षभरात बाराचा एक. एक सेंट! पोस्टाच्या तिकिटालाही पुरत नाही." इंटेलने २०२४ मध्ये लाभांशच थांबवला, ते त्यांनी फोल्डरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेअर एक असला की आपलं नशीब एका साहेबाच्या हातात असतं. आणि साहेब लोकांचा त्यांना अनुभव आहे.

अर्थात माणूस म्हटला की मोह आलाच. जर्सी सिटीत त्यांचा एक भाचा आहे. त्याने एक दिवस काकांना नव्या फंडांची जात दाखवली: एकाच शेअरवर कॉल विकणारे फंड. टेस्ला, एनव्हीडिया, वाटेल तो शेअर घ्या. शेअर खरा विकत न घेता ऑप्शनच्याच जोडीने उभा केलेला, त्यावर पुन्हा कॉल विकलेले, आणि यील्ड पन्नास टक्क्यांच्या वर. काकांनी चष्मा पुसला. "दशांशचिन्ह चुकलंय का रे?" नव्हतं चुकलं. शेअर जितका उड्या मारणारा, तितका त्याच्यावरचा कॉल महाग विकला जातो; साधं गणित.

काकांनी काकूंना न सांगता थोडे घेतले. पहिले दोन हप्ते असे आले की "आला!" हा शब्द शेजारच्या गुजराती कुटुंबालाही ऐकू गेला. मग भाव खाली सरकायला लागला. हप्ता टक्केवारीत तेवढाच, पण टक्के कशाचे, ती रक्कमच लहान होत चाललेली. खालचा शेअर पडला की फंड पूर्ण पडे, शेअर उसळला की फंड अर्ध्या वाटेवरून हात हलवी. पुढे फंडाने दोनाचा एक केला, म्हणजे रिव्हर्स स्प्लिट. सकाळी काकांना भाव दुप्पट दिसला म्हणून ते हर्षाने उभे राहिले, आणि मग शेजारचा युनिटचा आकडा बघून बसले. एक शेअर नको म्हणून जो माणूस फंडात आला, तो फंडाच्या दारातून पुन्हा एकाच शेअरच्या पायरीवर येऊन बसला होता. काका आता त्याला 'तो नाद' म्हणतात. काकूंना सगळं माहीत आहे. त्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त भाचा जेवायला आला की त्याच्या पानात दुसऱ्यांदा भाजी पडत नाही.

फेब्रुवारी आला की काकांचा दुसरा ऋतू सुरू होतो, टॅक्सचा. पाकिटातून १०९९ नावाचे कागद निघतात. साडूंचा लाभांश सवलतीच्या दराने मोजला जातो, बहुतेकांना पंधरा टक्के. जेपीचा बराचसा हप्ता मात्र पगारासारखा, साध्या उत्पन्नाच्या दराने. क्यूच्या हप्त्यात कधी 'भांडवलाचा परतावा' असं लिहून येतं, म्हणजे तुमच्याच पैशातले तुम्हाला दिले. आज टॅक्स नाही, पण खरेदीची किंमत तेवढी उतरवून ठेवायची आणि विकताना हिशेब द्यायचा. आमचे सीपीए दर वर्षी विचारतात, "काका, हे फंड निवृत्तीच्या खात्यात का नाही ठेवलेत? तिथे दरवर्षीचा टॅक्स नाही." काका दर वर्षी म्हणतात, "तिथे ठेवले तर दिसत नाहीत हो." म्हणजे पैसे वाढलेले नव्हे, आलेले दिसायला हवेत. या वाक्याला करसल्ल्यात उत्तर नाही. सीपीए पुढच्या कागदाकडे वळतात.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "काका, साधा इंडेक्स फंड घ्या, खर्च शंभराला दहा सेंटसुद्धा नाही, आणि दर महिन्याला त्यातले थोडे युनिट विका. हप्ता तुमचा तुम्हीच काढलात. वरची चढण कुणाला विकायला नको." काकांनी माझ्याकडे अशा करुणेने बघितलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली.

"अरे, आंबे विकतात. कलमं विकतात का कधी?"

गणिताच्या पुस्तकात दोन्ही एकच. बाजाराच्या दृष्टीने एक डॉलरचा हप्ता आणि एक डॉलरची विक्री यात काही फरक नाही. पण पावसला चार तारखेला वाण्याची वही मिटवायच्या घरात जो वाढला, ज्याने पगार बंद पडलेला बघितला, त्याला हे कोण पटवणार? काका परतावा विकत घेतच नाहीत. पहिल्या तारखेला शर्टाच्या खिशात काहीतरी आहे, ही भावना ते विकत घेतात. तिची किंमत ते जेपीला शंभराला ३५ सेंट आणि हातच्या गेलेल्या चढणीच्या रूपाने मोजतात. महाग आहे, पण माल खोटा नाही.

शिवाय एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली आहे. हप्ता आला की त्या आठवड्यात काका एडिसनच्या ओक ट्री रोडवर जातात आणि ज्याला त्याला खाऊ घालतात. नवीन आलेला एखादा विद्यार्थी दिसला की, "चल रे, जेपीतर्फे मिसळ." रत्नागिरीला एका मावशीकडे दर महिन्याला पैसे जातात. गणपतीच्या हॉलचं भाडं कमी पडलं की मंडळाचे चिटणीस काकांना बाजूला घेतात. शेअर विकून काका एक पैसा कुणाला देणार नाहीत, पण हप्ता म्हटला की हात सैल.

आणि साडू? साडूंचं नाव काढलं की बँकेतला माणूस उभा राहतो. पण साडू पंधरा वर्षं जुन्या कोरोलातून येतात आणि विमानतळावर पाण्याची बाटली विकत घेत नाहीत. शेअर विकायचा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. खरेदीची किंमत इतकी खाली की विकला की टॅक्स. एकदा त्यांनी मोठ्या अभिमानाने आपली योजना सांगितली, "मी विकणारच नाही. माझ्यानंतर मुलांना मिळाला की खरेदीची किंमत त्या दिवसाच्या भावाची धरतात. आजवरच्या सगळ्या नफ्यावर टॅक्स शून्य!"

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे साडूबुवा, या शेअरचा फायदा घ्यायला आधी तुम्ही मरायला हवं!"

साडूंना हसू आवरेना. काकूंनी मात्र दोघांच्याही पानात पुरी टाकली.

तेव्हा जिंकलं कोण? २०१३ पासूनच्या हिशेबात साडू, आणि थोडेथोडके नव्हे. पण २०१३ मध्ये कुणी येऊन सांगितलं नव्हतं की हाच तो शेअर. काकांच्या टेलिफोन कंपनीतल्या लोकांनाही आपलाच शेअर तो वाटत होता. मागे वळून निवडलेला एक शेअर कुठल्याही फंडाला हरवतो. पुढे बघून निवडायचा म्हटला की साडूंचाही हात थरथरेल. इन्कम फंडाची खरी तुलना साध्या इंडेक्स फंडाशी करावी, आणि तिथे चढत्या बाजारात तो मागे पडतो, पडत्या बाजारात थोडा सावरतो, एवढंच त्याचं काम. ज्याला पैसे आज लागतात आणि शेअर विकायला हात धजावत नाही, त्याच्यासाठी ते चालेल. तिशीतल्या पोराने त्यात पैसे घातले तर त्याला काकूंकडे पाठवावं.

आणि तुमच्या घरी असा काका असेल, तर त्याला हरवायला जाऊ नका. तो हरत नाही, भात मागतो. फक्त त्याच्या तक्त्यात हप्त्याच्या शेजारी दोन रकाने आखून द्या: एक आजच्या भावाचा आणि एक टॅक्सचा. ते तो भरेल, कारण तो इंजिनिअर आहे. घरात साडू असेल, तर त्याला वर्षातून एकदा थोडे शेअर विकायला लावा आणि त्या पैशात सगळ्यांना जेवायला न्या. बिल त्यालाच देऊ द्या.